बाळांचा अभ्यास आणि मोठ्यांची घाई



या व्यासपीठावरून आपण वसंत ऋतूत दरसाल मोठमोठे विषय ऐकता. संतवाङ्मय होते, कृष्णेच्या पाण्याचा प्रश्न होतो, नाट्यसंगीत होते. त्यांच्या पंगतीत माझा विषय फारच लहान आहे. उंचीने मोजला तर अडीच-तीन फूट भरेल. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना अक्षरे, आकडे आणि इंग्रजी शिकवण्याचा जो उद्योग आपल्या सातारा-सांगलीच्या घराघरांतून चालला आहे, त्यातली गंमत आज आपल्यापुढे मांडावी असा माझा विचार आहे. गमतीच्या पोटात एक काळजीची गोष्ट आहे, तीही शेवटी सांगणार आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाचा या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस यांच्या सभा बहुधा अंगणवाडीतच भरतात. मुले घरी जायच्या आत मी पोचलो, तर मागण्यांची चर्चा सुरू होईपर्यंत जाजमावर एका कडेला बसून राहावे लागते. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या दारात झाले. त्या यादीत आता अंगणवाडीचे जाजमही घालायला हरकत नाही.

प्रथम अक्षरांकडे वळू. आपली अंकलिपी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ग गणपतीचा, घ घराचा, म मगराचा. आपल्याला यात काही कठीण वाटत नाही, कारण ‘गणपतीचा ग’ म्हणजे गणपती या शब्दातला पहिला ध्वनी, हे आपण गृहीत धरतो. तीन वर्षांचे मूल तसे धरत नाही. वाळवा तालुक्यातल्या एका अंगणवाडीत बाईंनी ‘ग’ काढला आणि सांगितले, ‘हाच ग गाढवाला पण लागतो बरं का!’ एक पोर उठून म्हणाले, ‘बाई, त्यो गणपतीचा हाय. गाढवाला कसा द्यायचा?’ बाई गप्प झाल्या. मालकी हक्काचा प्रश्न इतक्या स्पष्टपणे मांडलेला मी युनियनच्या सभेतही ऐकलेला नाही.

आणि मुलाचे काय चुकले? ‘चा-ची-चे’ हा प्रत्यय मालकी दाखवतो, हे त्याने कोणाकडूनही न शिकता ओळखले आहे. दादाची सायकल, आज्जीची काठी, तसाच गणपतीचा ग. व्याकरण त्याचे पक्के आहे. कच्चे आहे ते आपले स्पष्टीकरण. पुढे ‘ण बाणाचा’ आला की मूल म्हणते, ‘बाण तर ब चा.’ ‘ळ बाळाचा’ म्हटले तर म्हणते, ‘बाळ पण ब चं.’ मराठीत ण किंवा ळ ने सुरू होणारा शब्द सापडत नाही म्हणून आपण शेवटचे अक्षर धरले, ही आपली अडचण. ती बाळाला कोण समजावणार? मग ङ आणि ञ येतात. त्यांच्यापुढे चित्रच नसते. ती चौकट रिकामी पाहून एका मुलीने विचारले, ‘ह्येचं कुणीच न्हाई?’ असंघटित कामगारांवर मी अनेक भाषणे केली. पण त्यांची स्थिती इतक्या थोडक्यात सांगणे मला जमलेले नाही.

इंग्रजीची कथा याहून सुरस आहे. तिथे अक्षरांची गाडी एका सुरात धावते, आणि एल, एम, एन, ओ, पी ही पाच स्टेशने न थांबता जातात. त्यामुळे ‘एलेमेनोपी’ हे एकच लांबलचक अक्षर आहे, असे अनेक मुलांचे ठाम मत असते. पाहुणे आले की बाळाला टेबलावर उभे करतात. बाळ एका दमात सव्वीस अक्षरे म्हणून दाखवते. पाहुणे टाळ्या वाजवतात. आणि कोपऱ्यात बसलेली आज्जी म्हणते, ‘पोरगं अजून चड्डीत मुततंय, अन् ह्यास्नी त्येचं इंग्रजी पायजे!’ बालमानसशास्त्राचा निम्मा ग्रंथ या वाक्यात आहे.

आता आकडे. आपले बाळ वीसपर्यंत मोजते, असे आई अभिमानाने सांगते. मोजते म्हणजे म्हणते. एक, दोन, तीन, चार, पाच, सात, धा. सहा आणि आठ-नऊ यांना त्या दिवशी रजा असते. पण म्हणणे बिनचूक झाले तरी मोजणे आले असे नाही. बाळापुढे पाच बोरे ठेवा आणि मोजायला सांगा. प्रत्येक बोरावर बोट ठेवून ते पाचापर्यंत जाईल. मग विचारा, ‘किती झाली?’ बाळ पुन्हा पहिल्यापासून मोजू लागेल. कारण त्याच्या मते ‘किती’ हा प्रश्न नसून पुन्हा गाणे म्हणण्याचा हुकूम आहे. ‘मला तीन दे’ म्हटले तर हाताला येतील तेवढी मूठभर उचलून देईल. शेवटी उच्चारलेला आकडा सगळ्या ढिगाची संख्या सांगतो, ही कल्पना मुलाला साधारणपणे साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास उमगते, आणि तीही हळूहळू: आधी एक कळतो, मग काही महिन्यांनी दोन, मग तीन. आपण ज्याला एका दुपारचा धडा समजतो, ते त्याचे वर्षभराचे काम असते.

त्यात आपली मराठी संख्यानामे. एकोणीस म्हणजे वीसला एक कमी. म्हणजे वजाबाकी शिकण्याआधी वजाबाकी करा. त्रेपन्न म्हणताना तीन आधी तोंडात येतो आणि पन्नास मागून. लिहिताना मात्र पाच आधी, तीन मागून. मूल ऐकले तसे लिहिते आणि ५३ च्या जागी ३५ काढते. आपण त्याच्या पाठीत धपाटा घालतो. वास्तविक ते आपल्यापेक्षा अधिक प्रामाणिकपणे ऐकत असते. २०१९ च्या जून महिन्यात बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची सोपी रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला ते आपणास आठवत असेल. विधिमंडळातही त्यावर विनोद झाले. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द कोणी काढून टाकलेले नाहीत, मुलांना जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची धास्ती वाटते म्हणून ही दुसरी वाट दिली आहे. वाद घालणारे सगळे मोठे होते. ज्यांच्यासाठी तो बदल होता, त्या मंडळींना कोणी विचारले नाही.

मूल असे का करते, याचा अभ्यास स्वित्झर्लंडमधल्या जाँ पियाजे या शास्त्रज्ञाने आयुष्यभर केला. त्याचा एक प्रयोग आपण घरी करून पाहावा. दोन सारख्या वाट्यांत सारखे दूध घ्या. चार वर्षांच्या मुलाला विचारा. ते म्हणेल, सारखे आहे. मग त्याच्यादेखत एका वाटीतले दूध उंच, अरुंद पेल्यात ओता. आता विचारा. ते म्हणेल, पेल्यात जास्त. कितीही समजावले तरी ते पटत नाही. आणि सहा-सात वर्षांचे झाले की कोणी न समजावताही पटते. महागाई भत्ता मूळ पगारात मिळवून ‘तुमचा पगार वाढवला’ असे सांगणाऱ्या व्यवस्थापनांची भिस्त याच उंच पेल्यावर असते. आपण सात वर्षांपुढचे असल्यामुळे फसत नाही, एवढेच.

हा पियाजे अमेरिकेत व्याख्याने द्यायला गेला की श्रोते हटकून विचारीत, मुलांची ही वाढ लवकर कशी घडवून आणता येईल? त्याने या प्रश्नाचे नावच ‘अमेरिकन प्रश्न’ असे ठेवले होते. तो आज साताऱ्याच्या पोवई नाक्यावर आणि सांगलीच्या मारुती चौकात आला असता, तर त्याला नाव बदलावे लागले असते.

मनाचे झाले तसेच शरीराचे. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मताना ती हाडे नसतातच. मऊ कूर्चा असते, आणि तिची एकेक करून वर्षानुवर्षे हाडे बनत जातात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली निम्म्याहून अधिक हाडे अजून तयार व्हायची असतात. त्या मनगटाकडून आपण दोन रेघांच्या मध्ये वळणदार अक्षर मागतो. तेच मनगट माती मळायला, बोरे वेचायला, पाण्यात हात घालायला आनंदाने तयार असते, आणि लिहिण्याची ताकद त्याला त्या कामांतूनच यायची असते.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. तीस वर्षे मी संप, वाटाघाटी आणि निदर्शने पाहतो आहे. अन्यायाचा प्रतिकार करण्याचे शिक्षण आम्ही कामगारांना शिबिरे भरवून देतो. तीन वर्षांच्या मुलाला ते उपजत येते. वही उघडली की त्याला तहान लागते. पाणी दिले की शू लागते. ती झाली की पेन्सिल बोथट होते. याला आम्ही ‘गो-स्लो’ म्हणतो. ‘एकदाच लिही’ म्हटले तर अक्षरशः एकदाच लिहिते. हे नियमानुसार काम. पाटी पलंगाखाली सारणे हे हत्यार ठेव आंदोलन. जमिनीवर पाठ टेकून पाय झाडणे हा बेमुदत संप, आणि आईच्या पायांना मिठी मारून तिला स्वयंपाकघरात जाऊ न देणे हा घेराव. मध्यस्थ म्हणून आज्जी येते. तिचा निवाडा नेहमी एकतर्फी असतो आणि तो तत्काळ लागू होतो.

आपण हसलात. पण संप हे कामगाराच्या आळसाचे लक्षण नसते, हे मी आजवर शेकडो सभांत सांगितले आहे. काम माणसाच्या ताकदीबाहेर गेले, किंवा त्यात त्याला काही अर्थ उरला नाही, की संप होतो. बाळाच्या संपाचेही कारण तेच. हेच पोर मुंग्यांची रांग अर्धा तास न कंटाळता पाहते. त्याला लक्ष देता येत नाही असे नव्हे. आपण ज्याच्याकडे लक्ष वेधतो ते अजून त्याचे झालेले नाही.

नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. आज आमच्या वसाहतींतून काही बाळांना ती नाही. सोमवार ते शनिवार नर्सरी, आणि रविवारी सकाळी वेगळा क्लास.

ही घाई जुनी आहे आणि तिला झालेला विरोधही जुना आहे. त्या विरोधाचा एक उगम कामगारांच्याच इतिहासात सापडतो, म्हणून तो मुद्दाम सांगतो. स्कॉटलंडमध्ये न्यू लानार्क येथे रॉबर्ट ओवेनची कापडगिरणी होती. सहकाराच्या आणि कामगार संघटनेच्या चळवळीत हे नाव आदराने घेतात. १८१६ साली त्याने गिरणी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि चालता येऊ लागलेल्या बाळांनाही तिच्यात घेतले. त्याचा दंडक असा, की या लहानग्यांना पुस्तकांनी सतावायचे नाही, मारायचे नाही, आणि त्यांनी आजूबाजूच्या वस्तूंबद्दल विचारले तर गोडीने उत्तर द्यायचे. शिक्षक कोण निवडला? जेम्स बुकॅनन नावाचा एक विणकर, ज्याला स्वतःलाच लिहिता-वाचता जेमतेम येत होते. मदतीला गिरणीतलीच सतरा वर्षांची एक मुलगी. ओवेनला पंडित नको होता. मुलांवर जीव असलेला, न चिडणारा माणूस हवा होता. आजच्या एखाद्या नर्सरीच्या जाहिरातीत ही पात्रता कोणी छापणार नाही.

पुढे जर्मनीत फ्रीड्रिक फ्रोबेलने १८४० साली आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. आपल्याकडचे ‘केजी’ ते हेच. बाग गेली, दोन अक्षरे राहिली. गाणी, ठोकळे आणि बागकाम एवढाच तिथला अभ्यास. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने या बालबागांवर बंदी घातली. त्या समाजवाद आणि नास्तिकता पसरवतात असा सरकारला संशय होता; आणि संशयाचे एक कारण असे, की पुतण्याच्या लिखाणाचे खापर काकाच्या माथी फुटले. बंदी १८६० साली उठली, पण त्याआधीच, १८५२ मध्ये, फ्रोबेल वारला होता. ठोकळ्यांशी खेळणाऱ्या बाळांना भिणारे सरकार असू शकते, हे या गोष्टीवरून ध्यानात ठेवावे.

मारिया माँटेसरीचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडले. आईबाप कामाला गेल्यावर मुले इमारतीच्या भिंती खराब करतात म्हणून घरमालक कंपनीला ती कोठेतरी गुंतवून ठेवायची होती. तिथे मुले हाताने चाचपून खरखरीत कागदाची अक्षरे ओळखू लागली आणि चार-पाच वर्षांची मुले आपण होऊन लिहू लागली. हे मी मुद्दाम सांगतो. लहान वयात अक्षर शिकूच नये, असा माझा दावा नाही. ज्या बाळाला ओढ लागली त्याच्या हातून पाटी काढून घेणे हाही जुलूमच. बाईंनी केलेले काम हे, की त्यांनी वाट पाहिली. आपल्याला नेमके तेच जमत नाही.

हा विचार आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी आणला. हे वकील गृहस्थ. वकिली सोडून १९२० साली त्यांनी भावनगरला बालमंदिर काढले, आणि गुजरातने त्यांना ‘मिशाळ आई’ अशा अर्थाचे लाडके नाव दिले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे आल्या आणि अनुताई वाघ त्यांना तिथे मिळाल्या. बालमंदिर काढले, पण आदिवासी वस्तीतली मुले येईनात. कशी येणार? कोणी धाकटे भावंड सांभाळीत होते, कोणी गुरे राखीत होते. तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली, आणि तिला अंगणवाडी म्हटले. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हटले. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. साधने कसली? शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, बांगड्यांचे तुकडे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. मुलाने शाळेपर्यंत पोचायचे नसून शाळेने मुलापर्यंत पोचायचे, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ.

इतके शहाणपण घरचेच असताना आपण घाई का करतो? इथे माझे हसू थांबते. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फिटरने तीन वर्षांच्या मुलाला महागड्या इंग्रजी नर्सरीत घातले. पगाराचा मोठा हिस्सा फीमध्ये जातो. मी विचारले, ‘घराशेजारी अंगणवाडी आहे, मग हे कशाला?’ तो म्हणाला, ‘भाऊ, माझ्याबरोबर लागलेले कायम झाले, मी कंत्राटातच राहिलो. मुलाखतीत इंग्रजीत बोलता आलं नाही. पोराचं तसं नको व्हायला.’

मंडळी, या उत्तरावर मला हसता आले नाही. बाप वेडा नाही. त्याने आपल्या आयुष्याचा हिशेब मांडला आहे. कायम नोकऱ्या कमी होत गेल्या, एका जागेसाठी रांग वाढत गेली, आणि रांगेत पुढे उभे राहायचे तर आधी निघावे लागते. म्हणून बाप पोराला तिसऱ्या वर्षीच रांगेत उभा करतो. बाळाच्या पाटीवरचे गिरवणे म्हणजे बापाच्या कंत्राटाची सावली आहे. ती सावली बाळाला रागावून जायची नाही, आणि बापाला हसूनही जायची नाही.

पण त्याला एक गोष्ट नक्की सांगितली पाहिजे. रांगेत लवकर उभे राहिल्याने जागा वाढत नाहीत. फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी शाळेत जाते, आणि तो देश काही मागे पडलेला नाही. आपल्याच मातीतले पाहा. सावित्रीबाई फुले याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, आणि १८४८ साली त्या पुण्यात मुलींना शिकवीत होत्या. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत पहिली इंग्रजीत घातले गेले ते ७ नोव्हेंबर १९०० रोजी. तेव्हा त्यांचे वय नऊ वर्षांचे होते. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांना शाळा जवळजवळ लाभलीच नाही, आणि ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. उशीर चांगला, असे मी म्हणत नाही. त्यांच्या वाटेत जात, दारिद्र्य आणि रूढी यांनी घातलेल्या धोंडी होत्या. मी एवढेच म्हणतो, की अक्षर दोन वर्षे मागून आल्याने कोणाची गाडी चुकत नाही. गाडी आपल्या गावात येतच नाही, तेव्हा ती चुकते.

आणि ती अजून कोठे येत नाही, हे आपणास ठाऊक आहे. दर हंगामात ऊसतोडणीची कुटुंबे मराठवाड्यातून आपल्या कारखान्यांच्या परिसरात येतात. फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. पहाटे आईबाप कोयता घेऊन निघतात. तीन वर्षांचे लेकरू पाचटाच्या ढिगाजवळ सहा वर्षांच्या बहिणीच्या हवाली असते. सहा महिने त्याच्याशी निवांत बोलणारे, गोष्ट सांगणारे मोठे माणूस त्याला मिळत नाही. एका बाळावर चार माणसे शिकवायला तुटून पडतात, आणि मैलभरावर दुसऱ्या बाळाजवळ एकही माणूस नसतो. आपल्या दोन जिल्ह्यांतला बालशिक्षणाचा खरा प्रश्न हा आहे.

कायद्याने काय केले? प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ साली स्पष्ट सांगितले की नर्सरीच्या प्रवेशासाठी परीक्षा आणि मुलाखती घेणे बंद करावे, आणि वाचन-लेखन-गणिताचा भडिमार हा लहान मुलांवरचा अत्याचार मानावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई करून दंड ठेवला. पण त्या कायद्याचा हक्क सहा ते चौदा वयाचा. सहाच्या आतल्या बाळांसाठी घटनेच्या पंचेचाळिसाव्या कलमात ‘राज्य प्रयत्न करील’ एवढेच आहे. वाटाघाटींच्या टेबलावर मालक ‘प्रयत्न करू’ म्हणाला की त्याचा अर्थ काय असतो, ते आम्ही जाणतो.

या प्रयत्नाचे ओझे वाहते कोण? अंगणवाडी सेविका. पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आरोग्य शिक्षण, दवाखान्याची वाट दाखवणे आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशी सहा कामे तिच्याकडे आहेत. वर सर्वेक्षणे आणि नोंदवह्या. तिला मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. केंद्र सरकारने २०१८ साली ते महिना ३००० चे ४५०० रुपये केले. राज्य त्यात आपली भर घालते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. यंत्रे बिघडत होती आणि नोंदीचे ॲप इंग्रजीत होते. बाळांना ‘ग गणपतीचा’ शिकवणाऱ्या बाईला सरकारने इंग्रजीत हिशेब मागावा, हाही आपल्या विषयातलाच विनोद म्हणायचा. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरते हे मानधन वेतनच आहे, आणि सेविका ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. तरीही ४ डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत त्यांना संप करावा लागला. त्या दिवसांत अनेकांनी मला विचारले, बाळांचे नुकसान होते, त्याचे काय? प्रश्न योग्य होता. पण तो वर्षाच्या बाकीच्या तीनशे दिवसांतही विचारला पाहिजे.

तर आता करायचे काय? घरात करायचे ते सोपे आहे. मटार सोलताना बाळाला शेजारी बसवा. ताटे मांडताना ‘आबांना एक, आज्जीला एक’ म्हणत वाट्या त्याच्याकडून मांडून घ्या. एकास एक जोडी लावणे हा गणिताचा पाया त्यात आहे. मंडईत नेऊन भोपळा आणि काकडी हातात द्या. रोज एक गोष्ट सांगा, आणि तीच पुन्हा मागितली तर तीच पुन्हा सांगा. ती आपल्या बोलीत, घरच्या भाषेत सांगा. घरची भाषा पक्की झाली की दुसरी भाषा तिच्या आधाराने येते. बाळाने ‘का’ विचारले तर उत्तर द्या, आणि उत्तर येत नसेल तर दोघे मिळून शोधा. याला फी नाही, मात्र वेळ लागतो. आणि दोन पाळ्यांत राबणाऱ्या आईबापांकडे वेळच नसतो. म्हणून आठ तासांचे काम आणि पोट भरेल असा पगार या मागण्या बालशिक्षणाच्याही मागण्या आहेत, असे मी मानतो.

गावात करायचे ते थोडे अवघड आहे. आपल्या वॉर्डातली अंगणवाडी कोठे भरते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? या आठवड्यात एकदा जाऊन पाहा. छप्पर गळते का, पाणी आहे का, खेळायला अंगण आहे का, आणि बाईंचे मानधन वेळेवर आले का, एवढे विचारा. नसेल तर नगरसेवकाला आणि ग्रामपंचायतीला विचारा. सुशिक्षित माणसे आपली मुले तिथून काढून घेतात तेव्हा तिच्यासाठी भांडणारा आवाजही निघून जातो. तो परत आला पाहिजे. कारखान्याच्या परिसरात हंगामापुरती तरी कोप्यांजवळ अंगणवाडी भरली पाहिजे. ताराबाई आणि अनुताईंनी कुरणापर्यंत शाळा नेली. आपल्याला फडापर्यंत नेता येणार नाही, असे नाही.

बाळ आपल्या वेळी शिकते. आपण शिकवलेल्यापैकी बरेच ते विसरेल, आणि न शिकवलेले बरेच उचलील. ते आपल्याकडे पाहून माणसांशी कसे वागायचे हे शिकत असते, आणि त्या विषयात आपण रोज परीक्षा देत असतो. ती नीट द्यावी, एवढी विनंती.